सेल्टा ऑनलाइन: अमळनेरच्या घरातून केलेला कोर्स आणि त्यावर मिळालेली परदेशातली नोकरी

केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण देणारा कोर्स, मी अमळनेरच्या घरात बसून, पार्ट-टाइम, पूर्ण ऑनलाइन केला. आता ओमानमधल्या एका खासगी कॉलेजात इंग्रजी शिकवते. एम.ए. आणि बी.एड. माझ्याकडे आधीपासून होतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीचे वर्ग बरीच वर्षं घेतले होते. तरी परदेशात केलेल्या अर्जांना उत्तरं यायला लागली ती सेल्टानंतरच. जळगाव, धुळे, चोपडा, शिरपूरकडच्या बी.एड. झालेल्या मुली मला सारख्या विचारतात की एवढे पैसे घालावेत का, त्यापेक्षा एखादा एजंट गाठावा का. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या शिक्षकाला बाहेर का जावंसं वाटतं, हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. २०२३ मध्ये वाढ झाल्यावरही माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन महिना १८ हजार आहे, आणि ते मिळवायला टेट ही भरतीची परीक्षा, मग पवित्र या सरकारी शिक्षकभरतीच्या पोर्टलवर नोंदणी, मग वाट बघणं. विनाअनुदानित शाळेत तर त्याहून कमी पगारावर हुशार माणसं उमेदीची वर्षं घालवतात. माझ्याबरोबर बी.एड. केलेली एक मैत्रीण आज कापड दुकानात हिशेब लिहिते. ती आमच्या वर्गात सगळ्यात चांगलं शिकवायची. तिची आठवण आली की मला अजून राग येतो.

आधी एजंटाबद्दल, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच जातात. शहरातल्या एका कन्सल्टन्सीत मी चौकशीला गेले होते. गुळगुळीत फोल्डर, भिंतीवर विमानाचं चित्र, आणि ‘पॅकेज’: १२० तासांचं टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं) सर्टिफिकेट, नोकरीची हमी, व्हिसा, सगळं मिळून दीड लाखाच्या वर. त्या १२० तासांत मी प्रत्यक्ष वर्ग कधी घ्यायचा आणि तो कोण बघणार, असं विचारलं. उत्तर आलं, मॅडम, ते सगळं ऑनलाइन असतं, तुम्ही फक्त टेस्ट द्यायची. मी तिथून उठले.

घरी येऊन ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्यांचं नाव शोधलं. ते यादीत नव्हतं. परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते आणि नोंदणी झालेल्यांची यादी या पोर्टलवर कुणालाही बघता येते. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. हा आकडा आपल्या भागातल्या प्रत्येक बी.एड. कॉलेजच्या फलकावर लावला पाहिजे. वडिलांनी कापसाच्या पैशातून काढून दिलेली रक्कम अशा फोल्डरमध्ये जाताना मी पाहिली आहे, म्हणून इतकं ठासून लिहिते.

आता कोर्स. सेल्टा म्हणजे मोठ्या वयाच्या लोकांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण. साधारण १२० तास, त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना शिकवण्याचे किमान ६ तास, अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघण्याचे ६ तास आणि चार लेखी असाइनमेंट. शेवटी लेखी परीक्षा नसते. तुम्ही वर्गात काय करता आणि त्याबद्दल काय लिहिता, यावरच निकाल. पास, पास बी, पास ए अशा श्रेण्या असतात, आणि नापासही करतात. प्रत्येक कोर्सला केंब्रिजकडून बाहेरचा तपासनीस येऊन पाठ आणि कागद बघून जातो. फुल-टाइम केला तर चार-पाच आठवड्यांत उरकतो, पण घरदार आणि शाळा सांभाळणाऱ्या बाईनं तो नाद करू नये. पार्ट-टाइम घ्यावा.

फी केंद्राकेंद्रानुसार बदलते, लाखाच्या खाली मला कुठे दिसली नाही. आपल्याकडच्या पगारात ही फार मोठी रक्कम आहे. मी साठवलेल्यात थोडी भर भावाकडून घेतली.

प्रवेश सहज मिळत नाही, आणि ते चांगलंच आहे. आधी भाषेची एक लेखी परीक्षा घरी सोडवायला देतात, त्यावर मुलाखत होते. दोन वाक्यांतला अर्थाचा फरक सांगा, हा शब्द उच्चारताना विद्यार्थ्याला कुठे अडेल ते सांगा, असे प्रश्न. एम.ए.ला मी नाटकं आणि कविता वाचल्या होत्या, इथे बघतात ते व्याकरण समजून सांगण्याची तयारी. मुलाखतीआधी महिनाभर रोज थोडं व्याकरण हातात घ्या. मुलाखत घेणारी बाई प्रेमानं बोलत होती, पण खोलात शिरत होती. इंग्रजी साधारण सी-वन, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर वरून दुसऱ्या, पातळीचं हवं. ‘माझं अ‍ॅक्सेंट देशी आहे, चालेल का’ ही भीती आपल्या मुलींनी काढून टाकावी. उच्चार स्पष्ट हवेत, ते साहेबाचे असावेत असं कुणी म्हणत नाही.

या कोर्सचा जीव आहे तो सराव पाठांत. बी.एड.ला आपण सगळ्यांनी सराव पाठ घेतले आहेत. पाठाचं मोठं टाचण लिहायचं, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, फलक-लेखन, चार्ट. निरीक्षक मागच्या बाकावर, मुलं आधीच पढवलेली. इथे सहा जणांपर्यंतचा गट असतो, एक शिकवतो आणि बाकीचे कॅमेरा बंद करून बघतात. विद्यार्थी खरे असतात. फुकट वर्ग मिळतो म्हणून वेगवेगळ्या देशांतून आलेली मोठी माणसं. माझ्या वर्गात एक तुर्की इंजिनिअर होता, ब्राझीलची एक नर्स होती, आणि एक आजोबा होते ज्यांना नातवाशी इंग्रजीत बोलायचं होतं. पाठ झाला की त्याच दिवशी चर्चा. आधी स्वतः बोलायचं, मग सोबतचे बोलतात, मग ट्यूटर. आणि लेखी शेरा, मिनिटागणिक.

त्या शेऱ्यांची फाइल मी जपून ठेवली आहे. ‘अकराव्या मिनिटाला तुम्ही नियम सांगितलात. त्याआधीच्या उदाहरणांवरून विद्यार्थ्यांनी तो जवळजवळ शोधला होता. अजून अर्धा मिनिट थांबून बघा.’ इतक्या बारकाईनं माझं शिकवणं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. शाळेत निरीक्षण व्हायचं, पण टाचणवहीवर सही आणि मुलांची शिस्त बघून साहेब चहाला जायचे.

नियम सांगण्याबद्दल थोडं अजून लिहिते, कारण आपल्या पद्धतीत आणि त्यांच्या पद्धतीत सगळ्यात मोठा फरक इथे आहे. प्रेझेंट परफेक्ट आपण कसं शिकवतो? फळ्यावर सूत्र, खाली मराठी अर्थ, दहा वाक्यं वहीत. सेल्टात आधी प्रसंग उभा करतात, त्यातून वाक्य काढतात आणि मग छोटे प्रश्न विचारून अर्थ पोचला का ते तपासतात. मी घेतलेलं वाक्य होतं, ‘आय हॅव लिव्ह्ड इन धुळे सिन्स २०१०’. प्रश्न असे: बोलणारा आजही धुळ्यात आहे का? २०१० च्या आधी तिथे होता का? राहायला कधी गेला, हे आपल्याला माहीत आहे का? ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही, कारण त्याला कुणीही हो म्हणतं. पाटानं मोकळं पाणी सोडण्याऐवजी केळीला ठिबकनं द्यावं, तसं हे शिकवणं आहे. शिक्षकाचं बोलणं कमी होतं, विद्यार्थ्याचं वाढतं. साठ मुलांच्या वर्गात हे जमणार नाही असं मला वाटायचं. कोर्स चालू असतानाच शाळेत नववीच्या वर्गावर जोड्या पाडून करून बघितलं. जमलं. गोंगाट झाला, शेजारच्या वर्गाच्या सरांनी दोनदा डोकावलं, पण मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा इंग्रजीत आपापसात बोलली.

असाइनमेंटपैकी ‘फोकस ऑन द लर्नर’ मला फार आवडली. एक विद्यार्थी निवडायचा, तो कुठे अडतो ते शोधायचं, कारण लिहायचं, त्यावर सराव तयार करायचा. मी तुर्की इंजिनिअर निवडला. तुर्कीत क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं, आणि ‘द’ सारखा शब्द मराठीप्रमाणे तिथेही नाही. तो कुठे ‘द’ गाळतो आणि का गाळतो, हे मला आतून कळत होतं, कारण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकताना मीही तिथूनच आले होते. माझी ट्यूटर ब्रिटिश होती. तिनं त्या कागदावर लिहिलं की ही दृष्टी जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकाकडे सहसा नसते. परदेशात शिकवायला निघालेल्या मराठी शिक्षकानं मुलाखतीत नेमकं हेच सांगावं, उदाहरणासकट. मी सांगितलं. इथे अरबी बोलणारी मुलं बोलताना ‘इज’ गाळतात, कारण अरबीत वर्तमानकाळात ते लागत नाही. असं बघण्याची सवय त्या असाइनमेंटनं लावली.

कोर्सची कमी बाजूही आहे. लहान मुलांना शिकवण्याबद्दल त्यात जवळजवळ काही नाही, आणि व्हिएतनाम, थायलंडमधल्या बऱ्याच नोकऱ्या लहान मुलांच्याच असतात. परीक्षा काढणं, पेपर तपासणं, हजेरी आणि निकालाची कामं, जी कॉलेजात आल्या दिवसापासून अंगावर पडतात, त्यांचाही विचार नाही. तिथे आपला शाळेचा अनुभवच कामी येतो. आणि वेळ फार खातो. एका पाऊण तासाच्या पाठाला सुरुवातीला दोन-दोन संध्याकाळी जायच्या.

खानदेशातून ऑनलाइन करणाऱ्यांसाठी काही घरगुती गोष्टी. केंद्र निवडताना त्यांच्या वर्गाची वेळ भारतीय वेळेत किती वाजता येते ते आधी बघा. माझी संध्याकाळची होती, म्हणजे शाळा करून, भाकरी टाकून बसता यायचं. एप्रिल-मे मध्ये पाठ येतील अशी बॅच शक्यतो घेऊ नका. पारा ४४-४५ वर जातो, वीज जाते, आणि कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये त्याचा आवाज शिरतो. मी इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला जुना फोन आणि बंद खोली एवढी तयारी ठेवली होती. सासूबाईंनी पाठाच्या वेळी दारात खुर्ची टाकून पहारा दिला. नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “जाय व माय, पन रोज फोन करजो.” तो फोन मी चुकवत नाही.

आता ज्यावर फार थोडे जण आधी विचार करतात ते: कुठल्या देशात भारतीय पासपोर्टवर ही नोकरी मिळूच शकते. सेल्टा कितीही चांगल्या श्रेणीत झाला तरी ही भिंत तो पाडत नाही. दक्षिण कोरियात खासगी क्लासच्या इंग्रजी शिक्षकाचा ई-टू व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना देतात. चीनचा कलही तसाच आहे. जपानमध्ये शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं लागतं, म्हणजे माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलीसाठी तो दरवाजा बंद. थायलंडमध्ये आपल्याला वाव आहे. पदवीसोबत आयईएलटीएस किंवा टोइक या इंग्रजीच्या परीक्षांपैकी एकीचे गुण दाखवावे लागतात, आणि बी.एड.ला तिथे मान आहे, कारण शिक्षक परिषदेचा परवाना मिळवायला ते उपयोगी पडतं. व्हिएतनाममध्येही पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र असलं की वर्क परमिटचा मार्ग आहे, पण जाहिरातीत ‘फक्त नेटिव्ह’, म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारेच हवेत, असं लिहिणारे क्लास भरपूर आणि पगारात भेद करणारेही आहेत. हा उघड अन्याय आहे. त्यावर वाद घालण्यात मी वेळ घालवला नाही, पण तो आहे हे माहीत असून निघालेलं बरं.

मी आखाताकडे वळले ते एवढ्यासाठी, की तिथे एम.ए. इंग्रजी, शिकवण्याचा अनुभव आणि सेल्टा या तिन्हींना किंमत आहे. ओमानमध्ये बारावीनंतर पदवीला जाण्याआधी मुलांना फाउंडेशनचं शिक्षण घ्यावं लागतं, त्यात इंग्रजीचा वाटा मोठा. त्यामुळे कॉलेजांना भाषा-शिक्षक लागतात. जाहिराती मी कॉलेजांच्या स्वतःच्या वेबसाइटवर आणि टेफल डॉट कॉमवर बघितल्या, अर्ज थेट केले. मुलाखतीत पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगितला. सेल्टाचं प्रत्येक मिनिट तिथे वसूल झालं. समोर विभागप्रमुख आणि दोन शिक्षक विद्यार्थी होऊन बसले होते. पाठ संपल्यावर विभागप्रमुख म्हणाल्या, तुमच्या सराव पाठांचे शेरे पाठवाल का? मी सगळी फाइल पाठवली.

नोकरीचं पत्र आल्यावर कागदांची पळापळ. विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र दाखला, काढायला बांभोरीला गिरणेकाठच्या आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जावं लागतं. हे काम कोर्स चालू असतानाच करून ठेवा. पदवीच्या मूळ प्रमाणपत्रावर आधी राज्याची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. मंत्रालयाचं अपोस्टिल शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. बाकी जे काही मागतात ते मधल्या सेवा-एजन्सीचं, आणि त्यात फरक प्रचंड असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. ओमान आणि सौदी अपोस्टिल मानतात. अमिरातीला अजून मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो, खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवरून, शुल्क ५०० रुपये, मग आपल्या ठाण्यातून पडताळणी. वैद्यकीय तपासणी आखातासाठी वाफिद या आखाती देशांच्या ऑनलाइन नोंदणीतूनच करावी लागते आणि केंद्र सहसा तेच ठरवून देतात. माझं मुंबईत आलं. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर, पदवीवर आणि पासपोर्टवर एकच आहे का, हे आजच काढून बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी तर नक्कीच.

करारपत्र वाचताना राहायची सोय, वर्षातून एकदा परतीचं तिकीट, विमा, आठवड्याचे तास आणि नोकरी सोडायची मुदत या पाच गोष्टी लेखी मागा. माझ्या पहिल्या मसुद्यात तास लिहिलेले नव्हते. मी विचारल्यावर लगेच घातले. विचारणाऱ्या शिक्षकाला ते कमी लेखत नाहीत, उलट नीट वागवतात, असा माझा अनुभव. इथे रविवार ते गुरुवार काम आणि शुक्रवार-शनिवार सुट्टी. मुलं लाजरी पण मायाळू. रमजानात वेळा बदलतात.

सेल्टा कुणी करू नये, तेही सांगते. तुम्हाला आखातातल्या भारतीय सीबीएसई शाळेत जायचं असेल तर तिथे पदवी, बी.एड. आणि शाळेचा अनुभव पुरतो, लाखभर रुपये वाचवा. बी.एड. अजून झालं नसेल आणि शाळेतच शिकवायचं असेल तर आधी ते पूर्ण करा, कारण सेल्टा त्याची जागा घेत नाही. ज्यांना मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना, कॉलेजात किंवा भाषा-केंद्रात शिकवायचं आहे, त्यांनी मात्र तोच करावा, किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्टटेसॉल, तोही त्याच तोडीचा धरतात. स्वस्तातलं प्रमाणपत्र कुणी दाखवलं तर एकच प्रश्न विचारा: यात मी खऱ्या विद्यार्थ्यांना किती तास शिकवणार आणि ते कोण बघणार? उत्तर शून्य असेल तर पुढे बोलू नका.

माझी टाचणं, शेऱ्यांची फाइल आणि प्रवेशाच्या भाषा-परीक्षेसाठी काढलेल्या नोंदी अमळनेरला धाकट्या बहिणीकडे ठेवल्या आहेत. कपड्याच्या दुकानात हिशेब लिहिणारी माझी मैत्रीण सध्या त्यातूनच तयारी करते आहे, तिची प्रवेशाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.